पातूरच्या घाटात ऑइल तापायचं

मी पत्रकं लिहिते. पत्रकात संताप चालतो, मागणी चालते, मालकाला दिलेला इशारा चालतो. पण एखादी गोष्ट बरी झाली, जीव भांड्यात पडला, हे लिहायला पत्रकात जागा नसते. एक मागणी मान्य झाली की खाली लगेच दुसरी छापायची, ही आमची शिस्त. म्हणून बाबांची गाडी वाचली त्या दिवसाबद्दल मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. त्या दिवशी इशारा नेमका कोणाला द्यायचा, हेच मला ठरवता येत नव्हतं.

बाबा अकोल्यात ट्रक चालवतात. गाडी शेठची; शेठ बाबांना उस्ताद म्हणतात. शेठची सरकीची तेलगिरणी आहे. तेल निघून गेल्यावर जी ढेप उरते ती गाईम्हशींच्या गव्हाणीत जाते. ही ढेप पोत्यांत भरून वाशीमच्या बाजाराला पोचवायची, हे बाबांचं मुख्य काम. कापसाच्या हंगामात जिनात सरकी काढून उरलेली रुई गाठी बांधायच्या प्रेसमध्ये नेऊन टाकायची, हे वरचं काम. वाशीमच्या वाटेवर पातूरचा घाट लागतो. फार मोठा नाही, नाशिककडचे लोक पाहून हसतील. पण आमची वऱ्हाडची जमीन ताटासारखी सपाट, त्यामुळे चढ म्हणजे काय ते आमच्या गाड्यांना आणि आम्हालाही पातूरलाच कळतं.

त्या घाटात बाबा थांबायचे. सगळं भांडण एवढ्यावरून.

गाडीत समोर दोन काटे असतात. एक पाण्याचा, रेडिएटरमधलं पाणी किती तापलं ते सांगणारा. दुसरा ऑइलचा, इंजिनात ऑइल किती जोरानं फिरतंय ते सांगणारा. भरलेली गाडी खालच्या गियरवर रडत-कुथत चढू लागली की अर्ध्या घाटात हा ऑइलचा काटा उतरायला लागायचा. बाबा गाडी कडेला घ्यायचे, मागच्या चाकाला दगड लावायचे, इंजिन बंद करून बिडी पेटवायचे. बिडी संपली तरी उठायचे नाहीत. काटा उतरला की थांबायचं, हा त्यांचा नियम. त्यात शेठ आला काय आणि कलेक्टर आला काय.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेज संपवून तिथल्याच ड्रायव्हर-क्लीनर मंडळींच्या संघटनेत काम धरलं होतं. रविवारी बडनेऱ्याहून रेल्वे पकडून घरी यायचे. मोहल्ल्यात बोलणारे बोलतच. ड्रायव्हरची पोट्टी, लग्नाचं वय, अन् पुरुषांच्या सभेत भाषण करून राहिली. मी त्यांना सांगायचे, भाषण नाही करत, लिहिते. त्यांना ते अजून वाईट वाटायचं.

एका रविवारी मी बाबांना धरलंच. "तुम्ही थांबता ते बरोबर की चूक, हे मला समजून सांगा. मला पत्रकात लिहायचंय."

"पत्रकात काहून? माही बायको सोडून कोनीच मले आळशी म्हनत नाही."

"शेठ म्हणतात."

 माय चुलीपाशी वडे तळत होती. बाबा उठले, बाटलीतलं थंड तेल पळीत घेऊन त्यांनी ती वाकडी केली. धार जाड आणि संथ. मग कढईतलं तापलेलं तेल पळीत घेतलं आणि परत कढईत सोडलं. ते पाण्यासारखं सुळकन गेलं.

"पायलं? तापलं का पातळ होते. इंजिनात लोखंडावर लोखंड फिरते. मधात ऑइलचा पापुद्रा असते म्हनून ते एकमेकाले खात नाही. ऑइल पातळ झालं का पापुद्रा फाटते. काटा खाली येते तो त्याच्याचमुळं. तवा जो गाडी दामटते तो इंजिन मारते."

"माहं तेल काहून खराब करता?" माय म्हणाली. "दोघं बाप-लेक चुलीपासून दूर व्हा."

"मग शेठ म्हणतात की पाणी उकळत नाही, ते?"

"पानी येगळं, ऑइल येगळं. पान्याले समोरून पंख्याची हवा लागते. ऑइल खाली चेंबरमधे असते, इंजिनाच्या बुडाशी, परातीवानी. सपाट रस्त्यावर दोघंही शांत. चढावर, लोडमधे, ऑइल आधी तापते. पान्याच्या काट्याले पत्ताही नसते."

मला एवढं पटलं. पण शेठना कसं पटायचं? त्यांच्या हिशेबात गरम इंजिन म्हणजे उकळणारं पाणी, आणि उकळत नाही म्हणजे ड्रायव्हर सावलीत लोळतोय. गाडी उशिरा पोचायची, तोवर वाशीमला ढेप घेणारे दुसऱ्याची ढेप घेऊन मोकळे. त्यातच बाबा एका लग्नाला गेले, तेव्हा शेठनी दुसऱ्या जवान ड्रायव्हरला गाडी दिली. तो कुठेही न थांबता घाट चढला आणि बाजार भरायच्या आत वाशीमला हजर. परत आलेल्या गाडीचा आवाज ऐकून बाबा एवढंच म्हणाले की इंजिन खोकून राहिलं. पण खोकला कोण ऐकतो? शेठनी सांगून टाकलं. पुढच्या बाजारापर्यंत बाबांनी गाडी चालवावी, मग किल्ली त्या जवानाकडे. बाबांना काढणार नव्हते. गिरणीच्या आवारात पोती उचलायला ठेवणार होते.

ज्यानं उभा जन्म स्टेअरिंगवर काढला त्याच्या पाठीवर पोतं. बाबा त्या दिवशी घरी आले आणि जेवून झोपले. भांडले असते तर बरं झालं असतं.

मी भांडले. अमरावतीच्या छापखान्यात गुलाबी कागदावर पत्रक काढलं, 'घाटात थांबणारा ड्रायव्हर कामचुकार नाही'. गाडीत पोती किती कोंबली जातात, ऑइल कसं पातळ होतं, इंजिन जाम झालं तर घाटात मरणार कोण, सगळं ठणकावून लिहिलं. अकोल्याच्या मोटार स्टँडवर मी स्वतः वाटलं. शेठचं नाव घातलं नव्हतं, पण पातूरच्या घाटानं ढेप नेणारे शेठ किती असणार?

माय हादरली. "बापाची भाकर आहे ते मालक. अन् तू त्याच्या दारात कागद वाटून राहिली."

"भाकर बाबांच्या मेहनतीची आहे."

"हाव, ते पत्रकात लिव. पोळ्या लाटाले ये आता."

दुसऱ्या दिवशी शेठनी गिरणीत बोलावलं. बाबांना नाही, मला. मी तयारीनं गेले, वाक्यं पाठ करून. शेठ गादीवर बसले होते, समोर माझं गुलाबी पत्रक. त्यांनी चष्मा वर करून मला पाहिलं.

"या लीडरीनबाई. हे तूच लिहिलं?"

"मीच लिहिलं."

"बरं लिहिलं. पन एक सांग. तेल तापलं का पातळ होते, हे तू मले शिकवशील? माह्या आज्यापासून आमच्या घरी तेलच तापून राहिलं."

मी पाठ केलेली वाक्यं तिथेच गळून पडली. त्यांना हे शिकवायची गरजच नव्हती. मग मी सरळ विचारलं, "तर मग तुमचा विश्वास कशावर नाही? तेल पातळ होतं यावर, की ते घाटात तापतं यावर?"

"तापते यावर. पानी उकळत नाही तं ऑइल कसं तापन? एकाच चुलीवरची दोन भांडी."

"मग मोजा. तुमच्याकडे थर्मामीटर आहे ना?"

गिरणीत लांब काचेचं थर्मामीटर होतं. तेलातलं उरलंसुरलं पाणी उडवायला तेल जितकं तापवतात, त्या खुणेवर एक लाल दोरा गुंडाळलेला. पारा दोऱ्याला टेकला की आच काढायची. शेठनी ते मागवून घेतलं, दोऱ्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "बाजाराच्या दिवशी मी सोता येतो गाडीत. पारा दोऱ्याच्या वर गेला तं उस्तादची किल्ली उस्तादकडं. नाही गेला तं तू जाहीर कागद काढायचा का शेठ खरा होता. गुलाबीच कागदावर."

मी हो म्हटलं. घरी येता येता हिशेब लागला. मी डाव लावून बसले होते, आणि लावलेलं होतं बाबांचं स्टेअरिंग.

बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं केबिनमध्ये. बाबा स्टेअरिंगवर, मध्ये शेठ, खिडकीपाशी मी. क्लीनरला शेठनी सुटी दिली होती, पंचनाम्याला साक्षीदार नकोत म्हणून. थर्मामीटर शेठनी धोतराच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरलं होतं, तान्ह्या लेकरासारखं.  पातूरच्या अलीकडे शेठ एकदा म्हणाले, "गाडी तं सुरेख चालून राहिली, उस्ताद," आणि बाबा म्हणाले, "हाव, अजून सपाट आहे."

घाट लागला. गाडीचा आवाज बदलला. बाबांनी गियर खाली घेतला, मग अजून खाली. माझे डोळे ऑइलच्या काट्यावर. मनात म्हणत होते, उतर. ज्या काट्यानं घरात झोप उडवली होती तो उतरावा म्हणून मी घायकुतीला आले होते. अर्ध्या चढावर तो हलला. आधी केसभर, मग बोटभर. बाबांनी शेठकडे पाहिलं नाही, कडेला जागा पाहिली आणि गाडी उभी केली. चाकाला दगड लावला.

शेठ खाली उतरले ते थेट रेडिएटरकडे. फडकं धरून झाकण सावकाश फिरवलं. थोडी वाफ आली. पाणी गरम होतं, पण उकळत नव्हतं, उसळत तर मुळीच नव्हतं. शेठ माझ्याकडे पाहून हसले. "लीडरीनबाई, गुलाबी कागद लई महाग मिळते का?"

बाबा पाना आणि डबा घेऊन गाडीखाली सरकले. चेंबरच्या बुडाचा नट त्यांनी सैल केला. काळं ऑइल डब्यात उतरलं आणि आवाज असा आला जसं कोणी पाणी ओततंय. शेठनी तो आवाज ओळखला, हे मी त्यांच्या तोंडावरून पाहिलं. नट घट्ट करून बाबांनी डबा बाहेर सरकवला. शेठनी थर्मामीटर बुडवलं. पारा चढला, दोऱ्याला टेकला, दोऱ्याच्या मागे गेला, आणि वर चढतच राहिला.

मी ओरडले नाही. कडेच्या दगडावर जाऊन बसले. बाबांची किल्ली बाबांकडे, एवढंच डोक्यात.

पण शेठ गिरणीवाले. त्यांनी पारा पाहिला, थर्मामीटर पुसलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा पाहिला. मग पोतं अंथरलं आणि धोतर सावरत स्वतः गाडीखाली शिरले. "उस्ताद, हात कुठं लावू? चेंबर कोनतं?"

"तेच, नटाच्या वरचं. जपून लावा, भाजन."

 मग गाडीखालून शेठ म्हणाले, "कुठं भाजून राहिलं? हे तं अंगाएवढं गरम आहे. मी पंजा ठेवून बसलो ना."

मी दगडावरून उठले. आता हे म्हणणार, थर्मामीटर बिघडलं.

"अंदर दोऱ्याच्या वर आग, अन् बाहेर काहीच नाही," शेठ आतूनच बोलत होते, स्वतःशीच. "माह्या गिरणीत कढईले बाहेरून हात लावला तं कातडं निघन. हे कसं, उस्ताद?"

 बाबा वाकून गाडीखाली पाहत होते, शेठच्या पंज्याखाली काय आहे ते. मग त्यांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं. आयुष्यात मी बाबांना असं डोकं खाजवताना पाहिलं नव्हतं.

तर चेंबरला पंजा लागतच नव्हता. पंजा लागत होता तो गोधडीला.

हे सांगायला हवं. चेंबर आणि इंजिन जिथे जुळतात तिथे मध्ये पॅकिंग असतं. ते जुनं झालं की ऑइल थेंबथेंब गळतं. आणि गाठी बांधायच्या प्रेसच्या आवारात गळकी गाडी घेत नाहीत, कारण रुईवर एक डाग पडला तर गाठ नाकारतात. नवं पॅकिंग बसवायचं तर इंजिन खाली मोकळं करावं लागतं, गाडी दोन दिवस उभी. मग आमचे अकोल्याचे ड्रायव्हर काय करतात? रुई तर फुकट, गाडीतच सांडलेली. तिच्यात ग्रीस आणि कपडे धुवायचा साबण कालवायचा आणि गळतीवर थापायचा. वर धूळ बसते, धुळीत पुन्हा ऑइल मुरतं, हंगामात उडणारी रुई चिकटते, मग पुन्हा थापायचं. बाबांच्या गाडीचं चेंबर असं वर्षानुवर्षं लिंपत गेलं होतं, वर गोणपाटाची पट्टी. फक्त नट तेवढा उघडा, कुडत्याच्या गुंडीसारखा. बाबांना त्याचा अभिमान होता. माझी गाडी एक थेंब टाकत नाही, असं ते सांगायचे, आणि शेठही दुसऱ्या ड्रायव्हरांना सांगायचे, उस्तादकडून शिका.

"शेठजी," बाबा म्हणाले, "बाहेर या. मले टामी घालाची आहे."

शेठ बाहेर आले. बाबांनी टायर उचकटायची लोखंडी टामी घेतली आणि गाडीखाली शिरून लेपात खुपसली. पहिला तुकडा पडला तो तळहाताएवढा जाड, काळा, आतून अजून रुईसारखा मऊ. दुसरा पडला. मग एक अख्खी लांब कड सुटली, आणि रस्त्यावर धपकन आदळली.

"आरं बाप्पा," शेठ म्हणाले. "मी भर उन्हाळ्यात गोधडी घेऊन निजलो तं मले काय होईन?"

गाडीखालून बाबांचा आवाज आला, "तुमीच म्हने, थेंब पडाले नाही पायजे."

"म्या थेंब म्हनलं होतं. रजई भरा म्हनलं नव्हतं."

मग गाडीखालून बाबा हसायला लागले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदा हसले. मी खाली वाकून पाहिलं, तर तोंड काळं, मिशीत रुई, आणि डोळ्यांत पाणी. शेठनी कोट काढला, बाही वर केली आणि दुसऱ्या बाजूनं एका लाकडाच्या चिपेनं खरवडायला बसले. मीही बसले. आतलं लोखंड उघडं झालं तेव्हा त्यावर मी बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. चटका बसला. इतका बरा चटका मला कधी बसला नव्हता. आतली आग आता बाहेर येत होती.

डब्यातलं ऑइल निवल्यावर बाबांनी ते वरून परत ओतलं. इंजिन सुरू झालं. गाडी पुन्हा त्याच गियरवर, तीच पोती घेऊन चढू लागली. आम्ही तिघंही समोरचा काटा पाहत होतो. रस्ता पाहणारे एकटे बाबा, तेही अर्धेच. काटा थोडा उतरला आणि तिथेच थांबला. वळण आलं. थांबलेलाच. घाटमाथ्याची झाडं दिसली, तरी थांबलेलाच. बाबांनी वरचा गियर टाकला आणि मोठा श्वास सोडला. शेठनीही सोडला. मला वाटतं आम्ही तिघांनी तो श्वास पातूरपासून धरून ठेवला होता.

मी मात्र मीच. माथ्यावर म्हटलं, "शेठजी, पोतीही जास्त आहेत. ती कमी केली तर काटा एवढाही उतरणार नाही."

"एका दिवशी एकच मागनी मान्य होते," शेठ म्हणाले. "पॅकिंग नवं टाकतो. गाडी दोन दिस उभी ठेवतो. पोत्याचं तू दुसरं पत्रक काढ, वाचतो मी."

ते मी काढलं. पोत्यांचं भांडण अजून चालू आहे, आणि ते मी सोडणार नाही. गळकी गाडी दारात नको आणि दुरुस्तीला सुटीही नको, अशी अट घालणाऱ्यांना मी छापील कागदावर जे बोलायचं ते बोललेच. ड्रायव्हरनी गोधडी थापली ती हौसेनं नाही. बाबांनी त्यानंतर मोटार स्टँडवर ज्याच्या त्याच्या गाडीखाली वाकून पाहायचा धडाका लावला. ज्यानं हाकलून दिलं त्याचंही चेंबर ते खरवडूनच सोडायचे. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी वाशीमला बाजार अजून उठला नव्हता. ढेप उतरली, घेणारे भेटले. शेठनी गोडशेव आणि चहा घेतला, आम्हालाही दिला. दुपारी रिकामी गाडी परत निघाली. चेंबरखालून आता थेंब पडत होता, बाबा उतरून पाहून आले होते आणि म्हणाले होते, पडू दे. ऊन कलायला लागलं होतं. मध्ये बसलेल्या शेठची मान डुलायला लागली. आधी त्यांनी ती सावरली, मग सावरायचं सोडलं, आणि पातूरचा घाट उतरत असताना त्यांचं डोकं बाबांच्या खांद्यावर येऊन टेकलं. ज्या ड्रायव्हरला ते घाटात झोपतो म्हणत होते त्याच्याच खांद्यावर ते घोरू लागले.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाबांनी एक हात स्टेअरिंगवर ठेवला, दुसऱ्याचं बोट ओठांवर.

"हळू बोल, बाई," ते म्हणाले. "थकले ते." आणि त्यांनी गाडी पुढच्या वळणावर इतकी अलगद घेतली की शेठचं डोकं जागचं हललं नाही.